रूळ गेले, वाट राहिली

घोडबंदर रोडवर नेमाने सायकल चालवली की माणसाला तिसरा कान फुटतो. मागून येतेय ती रिक्षा की कंटेनर, कंटेनर भरलेला की रिकामा, हे न बघता कळायला लागतं. रिकामा जास्त वाईट. तो खड्ड्यात आदळला की असा काही आवाज करतो की हँडल आपसूक डावीकडे जातं, आणि डावीकडे गटाराचं झाकण असतं किंवा नसतं. कानावर भरवसा नसेल तर मान वळवायची. मी दर अर्ध्या मिनिटाला मान वळवते, हे मला वहिनीने सांगितलं तेव्हा कळलं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या दादाची बायको. ती पाचपाखाडीत, मी मानपाड्याला. ती छप्पन्न वर्षांची, मी एक्कावन्न. एरवी नावाने हाक मारते, पण चिडवायचं असलं की 'वन्सं' आणि अहो-जाहो. दोन वर्षांपूर्वी माजिवड्याच्या पुलाखाली एका रिक्षाचा पत्रा तिच्या हँडलला घासून गेला. कोपराच्या हाडाला बारीक चीर गेली, सहा आठवडे हात गळ्यात. प्लास्टर निघालं त्या दिवशी म्हणाली, "वन्सं, आता रस्त्यावर नाही. गाड्या नसलेली वाट शोधा, मग येते."

शोधली. उपवनवरून येऊरला सकाळी सहाच्या आत चढायचं आणि आठच्या आत खाली यायचं, ही एक. त्यानंतर वर बंगल्यांकडे जाणाऱ्या गाड्या सुरू होतात. बदलापूरपर्यंत सायकली गाडीवर लादून न्यायच्या आणि पुढे बारवी धरणाच्या अंगाने जायचं, ही दुसरी. तिथेही सुट्टीचा दिवस टाळायचा. आपल्याकडे निवांत रस्ता नकाशात सापडत नाही, घड्याळात सापडतो. वहिनीला घड्याळातला नको होता.

तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, म्युनिकला नोकरीला आहे. त्याने फोनवर सांगितलं, "आत्या, इटलीतल्या डोलोमाइट्समध्ये ये आईला घेऊन. डोंगरात सायकलींसाठी वेगळ्या वाटा आहेत, गाड्यांना बंदी." मी हौसेने इंटरनेटवर आल्प्समधली सायकल शोधली आणि पहिलाच फोटो आला तो स्तेल्विओ खिंडीचा. २,७५७ मीटर उंची, एका बाजूने ४८ वळणं, टाकलेल्या दोरीसारखा रस्ता. वहिनीने तो बघितला आणि म्हणाली, "ह्यापेक्षा कंटेनर बरा."

खरी गोष्ट पुढच्या फोनमध्ये कळली. भाचा सांगत होता ती वाट रस्ता नव्हतीच. ती जुनी रेल्वे होती. दोब्बियाको गावापासून कोर्तिनावरून कलाल्त्सोपर्यंत छोट्या रुळांची गाडी धावायची. पहिल्या महायुद्धात सैन्याची रसद नेण्यासाठी दोन्ही बाजूंनी ती बांधत आणली, १९२१ साली प्रवाशांसाठी सुरू झाली, आणि मोटारी वाढल्यावर १९६४ पर्यंत सगळी बंद पडली. रूळ उखडले. उरलेल्या पट्टीवर आता सायकली चालतात.

इथे माझ्यातली ठाणेकर जागी झाली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली गाडी आमच्या ठाण्यात आली होती. रेल्वेचं आम्हाला कोणी काय सांगावं! रेल्वे चढाला भिते, हे कसाऱ्याला गाडीमागे ढकलायला जोडलेली इंजिनं बघून लहानपणीच कळलेलं. कसारा घाट रेल्वेच्या हिशेबाने भयंकर, आणि त्याचा चढ किती, तर ३७ फुटांमागे एक फूट. म्हणजे शंभराला तीनसुद्धा नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर त्याच्यापुढे घसरायला लागतं. म्हणून रेल्वे बांधणारे डोंगराला वळसे घालतात, बोगदे खणतात, पूल टाकतात, पण चढ वाढू देत नाहीत. रस्ता बांधणाऱ्याला ही फिकीर नाही, मोटार पहिल्या गिअरमध्ये कुठेही चढते. थोडक्यात, मेलेली रेल्वे ही डोंगरातली सायकलवाल्याला मिळालेली सगळ्यात मऊ वाट. दोब्बियाकोपासून चीमाबांके खिंडीपर्यंत साधारण पंधरा किलोमीटरमध्ये तीनशे मीटर चढ. शंभराला दोन. मी वहिनीला म्हटलं, "येऊर चढतेस ना? हे त्याच्यापुढे काहीच नाही. फक्त संपत नाही एवढंच."

जानेवारीत तयारी सुरू केली. तिकडे पाठीवर सॅक नको, सामान सायकलीच्या मागच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवून न्यायचं. त्यांना पॅनिअर म्हणतात. सवय व्हावी म्हणून एका बाजूला गव्हाच्या पिठाची पाच किलोची पिशवी, दुसऱ्या बाजूला तितकेच तांदूळ, असं घालून आम्ही येऊर चढायचो. एकदा गेटवरच्या वनरक्षकाने पिशवी उघडायला लावली. पीठ बघून त्याने आमच्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती मी विसरणार नाही. वजन एका बाजूला जास्त झालं की उतारावर सायकल कशी ओढते, हे मात्र तेव्हाच समजलं, नाहीतर थेट आल्प्समध्ये समजलं असतं. एप्रिल-मेमध्ये सातलाच घामाची आंघोळ. सायकलवाल्यांची गादी शिवलेली चड्डी घालायला वहिनी आधी तयारच नव्हती. बारवीला चाळीस किलोमीटर झाल्यावर घरी जाऊन तिने दोन मागवल्या. लागोपाठ दोन दिवस चाळीस-चाळीस झाले आणि तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कोणी भिंत धरली नाही, तेव्हा तिकिटं काढली.

व्हिसाचं थोडक्यात सांगते. उतरणार जर्मनीत, पण जास्त रात्री इटलीत, म्हणून शेंगेन व्हिसा इटलीचा मागायचा. तीस हजार युरोचं विमा संरक्षण, बँकेचे कागद, आणि रोजचा मुक्काम कुठे याचा तक्ता. प्रवासाचं साधन या रकान्यात मी 'सायकल' लिहिलं. खिडकीपलीकडच्या मुलीने वर बघितलं, आम्हा दोघींना बघितलं, परत कागद बघितला आणि शिक्का मारला.

तारखा जूनच्या आल्या आणि त्यांत वटपौर्णिमा. आई म्हणाली, "वडाला कोण फेऱ्या मारणार?" दादा पेपरामागून म्हणाला, "मी मारतो. सात जन्म मलाच हवेत, तिला कुठे घाई आहे." प्रश्न मिटला.

म्युनिकहून रेल्वेने ब्रेनर खिंड ओलांडून, एकदा गाडी बदलून दोब्बियाको. गावाला दोन नावं, इटालियनमध्ये दोब्बियाको आणि जर्मनमध्ये टोब्लाख. पहिल्या महायुद्धापर्यंत हा मुलूख ऑस्ट्रियाचा होता आणि घराघरात अजून जर्मन बोलतात. पाट्या दोन्ही भाषांत. सायकली तिथेच भाड्याने घेतल्या. विमानातून आपली नेण्याचा विचार मी पिठाच्या पिशवीबरोबरच सोडला होता.

दुकानदाराने सीटची उंची लावली, पंक्चरचं सामान दाखवलं आणि एक गोष्ट दोनदा सांगितली. माझ्या ठाण्यातल्या सायकलीला उजव्या हाताखाली पुढचा ब्रेक आहे, इथे उजव्या हाताखाली मागचा. दिसायला एवढीशी गोष्ट. पण उतारावर घाबरून डावा हात दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जाईल. वहिनीने डाव्या मुठीला पर्समधला केसांचा रबर गुंडाळला, आठवण म्हणून. मी आणखी एक गोष्ट केली. घरून माझा हँडलचा आरसा आणला होता, तो लावला. इथे उजवीकडून चालवायचं, म्हणजे मागचं वाहन डावीकडून येणार, म्हणून डावीकडे. दुकानदार काही बोलला नाही. त्या वाटेवर आरसा लावणारी मीच असणार.

पहिल्या दिवशी सरावाला सोपा टप्पा घेतला, दोब्बियाकोहून ऑस्ट्रियातलं लिएन्त्स. साधारण चव्वेचाळीस किलोमीटर, जवळजवळ सगळा उतार, द्राउ नदीच्या काठाने. ही नदी दोब्बियाकोपाशीच उगम पावते, सुरुवातीला उडी मारून ओलांडता येईल एवढी. गंमत म्हणजे गावाच्या एका अंगाला पडलेला पाऊस या नदीतून डॅन्यूबला आणि काळ्या समुद्राला जातो, दुसऱ्या अंगाचा एड्रियाटिकला. आपल्या नाणेघाटासारखंच, अलीकडचं पाणी काळू नदीतून उल्हासला आणि अरबी समुद्राला, पलीकडचं कुकडीतून भीमा-कृष्णा करत बंगालच्या उपसागराला. वहिनी म्हणाली, "म्हणजे आपण पाणलोटावर नाश्ता केला."

सीमा कधी ओलांडली ते कळलंच नाही. वहिनी कमरेच्या पाकिटात पासपोर्ट घेऊन तयार होती, दाखवायला कोणी नव्हतं. शेवटी एका पाटीजवळ पासपोर्ट हातात धरून फोटो काढला, तेव्हा तिचं समाधान झालं. पुढे वाटेवरच लोआकर वेफर्सचा कारखाना आणि दुकान लागतं. ठाण्याच्या मॉलमध्ये मी ज्यांची किंमत बघून परत ठेवते, तीच वेफर्स. सायकलवाल्यांची तिथे एवढी रांग की तीन हात नाक्याची आठवण व्हावी.

आणि हे आधी कोणी सांगत नाही. गाड्या नसलेली वाट म्हणजे मोकळी वाट नव्हे. मुलं, आजी-आजोबा, कुत्र्याला मागच्या गाड्यात बसवून नेणारे, बॅटरीच्या सायकलींवरून भुर्रकन जाणारे, सगळं जग त्या उतारावर होतं. आमचा एकमेव अपघात होता होता राहिला, तो माझ्यामुळे. एका वळणावर मी सवयीने डावी बाजू धरली आणि समोरून एक सत्तरीचे आजोबा आले. "रेख्ट्स! रेख्ट्स!" म्हणजे उजवीकडे. मी ब्रेक दाबला, बरोबर तो, आणि गवतात गेले. आजोबा थांबले, मी ठीक आहे ना बघितलं आणि हसून निघून गेले. ठाण्यात एवढ्यावर आईबहीण निघाली असती.

लिएन्त्सहून परतीला रेल्वे. सायकलींसाठी डब्यात वेगळी जागा, त्यांचं वेगळं तिकीट. साडेआठच्या ठाणे लोकलमध्ये स्वतःला कोंबता आलं तरी मिळवली असं समजणाऱ्या आम्ही दोघी सायकलीशेजारी बसून आलो. तिकीट तपासनीसाने सायकलीचं तिकीट आधी मागितलं, आमचं नंतर.

दुसऱ्या दिवशी खरी वाट. दोब्बियाकोच्या तळ्याच्या कडेने दरी आत शिरते आणि दोन्ही बाजूंनी डोंगर उभे राहतात. सह्याद्री काळा, पायऱ्यापायऱ्यांचा. हा फिकट, करडा, वर दाते असलेला, माथ्याच्या घळींत अजून बर्फाचे तुकडे. खाली डांबर नाही, बारीक खडी दाबून केलेली वाट. हिवाळ्यात हिच्यावर स्की करतात. सुरुवातीलाच महायुद्धातल्या सैनिकांचं दफनस्थान लागतं, झाडीत, रस्त्याच्या कडेला. १९१५ पासून इथे ऑस्ट्रिया आणि इटली समोरासमोर होते, आणि ज्या पट्टीवरून आम्ही डबा घेऊन चाललो होतो, ती त्यांना रसद पोचवायला आखलेली. वहिनी सायकलवरून उतरली, मीही. काही बोललो नाही.

पुढे लांद्रोपाशी एका बाजूच्या दरीतून त्रे चिमे दिसतात, तीन सुळके शेजारी शेजारी. फोटोत पाहिले होते, वहिनी म्हणाली, "फोटोत मधला एवढा जाड नव्हता." तळ्याकाठी बसून तिळगुळाएवढे शेंगदाण्याचे लाडू खाल्ले. त्या दिवशी वटपौर्णिमा होती. वहिनीचा उपास, म्हणून लाडू आणि राजगिऱ्याच्या वड्या घरूनच आणलेल्या. उपासाचं हे सामान सायकलसाठी इतकं चांगलं की तिथल्या दुकानांत जे रंगीत कागदातले बार विकतात, ते कशाला घ्यावेत कळेना. वड काही मिळेना. एका लार्चच्या झाडाला हात लावून ती पुटपुटली, काय ते मी विचारलं नाही.

चढ तर खरोखर जाणवत नव्हता. जाणवायचा तो मागे बघितल्यावर, तळं खूप खाली गेलेलं दिसायचं तेव्हा. येऊरला शेवटच्या वळणावर छाती फुटते आणि मग सपाटी येते. इथे छाती काही करत नाही, मांड्या मात्र हळूहळू भरत जातात, पिंपात पाणी भरावं तशा. मधल्या गिअरवर एका चालीत पेडल मारत राहायचं. उतरून ढकलावं अशी जागा कुठेच नाही आणि मनसोक्त सुटावं अशीही नाही. रेल्वेचं मन कसं चालायचं, ते पायांना कळतं.

गाड्यांचा रस्ता काही फार दूर नव्हता. त्याच दरीत, कधी पलीकडे, कधी झाडांच्या रांगेमागे. मोटरसायकलींची झुंड गेली की आवाज यायचा आणि माझी मान वळायची. तिथे तर वळवायचं काही कारणच नव्हतं. मागे फक्त वहिनी. आरशातही वहिनीच दिसायची, तीही थरथरताना, कारण खडीवर आरशाचा स्क्रू सैल झाला होता. चीमाबांकेच्या जुन्या स्टेशनाअलीकडे तो निखळून लोंबायला लागला, तेव्हा मी काढून पॅनिअरमध्ये टाकला. खिंड १,५२९ मीटरवर. तिथे सपाट माळ आहे, 'पोचलो' असं वाटावं असं काही नाही.

उतरताना फेलित्सोनच्या घळीवरचा पूल आणि दोन छोटे बोगदे. बोगद्यात शिरलं की एकदम थंडी, छतातून ठिपकणारं पाणी, आणि आपल्याच टायरखालची खडी दुप्पट मोठ्याने वाजते. वहिनीने बोगद्यात "गणपती बाप्पा" ओरडून बघितलं. पुढून कोणीतरी शिट्टीने उत्तर दिलं.

कोर्तिनात क्रेन उभ्या होत्या, २०२६ च्या हिवाळी ऑलिम्पिकची तयारी. याच गावात १९५६ चं हिवाळी ऑलिम्पिक झालं तेव्हा प्रेक्षक याच रुळांवरून आले होते, आणि आठ वर्षांत ते रूळ गेले. गाव महाग. रात्री चंद्र दिसल्यावर वहिनीने उपास सोडला तो काझुन्झिएई नावाच्या पदार्थावर. करंजीसारखा मुरड घातलेला, आत लालभडक बीट, वरून वितळलेलं लोणी आणि मूठभर खसखस. खसखस बघून तिला अनारसे आठवले. मला काहीच आठवलं नाही, मी दुसरी ताटली मागवली.

कोर्तिना ते कलाल्त्सो साधारण पस्तीस किलोमीटर, डांबरी आणि बहुतेक उतार. या टप्प्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, किंवा आम्ही तोवर सरावलो होतो. जुनी स्टेशनं एकामागून एक येतात, कुठे कोणी राहतंय, कुठे खिडक्या बंद. गावांतून जाताना मधेच थोडा साधा रस्ता येतो, गाड्यांसकट, आणि पाटी नीट न बघितल्याने आम्ही एकदा चुकून चढावर गेलो. तेव्हा कळलं की इथल्या लोकांच्या घरापर्यंतचा चढ कसा असतो. वहिनी उतरून ढकलत वर आली आणि म्हणाली, "ही मोटारवाल्यांची वाट. आपली नाही." पिएव्हे दि कादोरेला चष्म्यांचं संग्रहालय आहे. या खोऱ्यातला चष्म्यांचा धंदा १८७८ साली सुरू झाला. वहिनीने तिथे स्वतःच्या चष्म्याची काडी घट्ट करून मिळेल का विचारलं. मिळाली नाही, संग्रहालय आहे ते.

कलाल्त्सोहून सायकली बसच्या मागच्या ट्रेलरवर चढवून परत निघालो. बस गाड्यांच्या रस्त्याने जात होती आणि खिडकीतून आमची वाट खाली-वर दिसत होती. वहिनी बराच वेळ बाहेर बघत होती. मग म्हणाली, "चीमाबांकेच्या पुढे तू एकदाही मागे बघितलं नाहीस. मी मोजत होते. एकदा तर मी थांबले, पाणी प्यायले, तुला पत्ताच नाही."

"हाक नाही मारायची?"

"कशाला? तू गात होतीस."

मला आठवत नाही.

ठाण्यात परतलो तेव्हा पाऊस लागला होता. पहिल्या रविवारी मी एकटीच सर्व्हिस रोडने निघाले. मेट्रोच्या पत्र्यांपाशी पाण्याखाली खड्डा आहे की नाही याचा अंदाज घेत होते, तेवढ्यात मागे कंटेनर. रिकामा. मान वळली, मी वळवायच्या आधी. घरी आले आणि पॅनिअर उपसून आरसा शोधला. तळाशी राजगिऱ्याच्या चुऱ्यात होता.

वहिनी येऊरला येते, पण सायकल दादाच्या गाडीत टाकून गेटपर्यंत. मागच्या शनिवारी मी पोचले तर ती आधीच गेटपाशी चेनला तेल देत बसलेली. माझ्या हँडलकडे बघितलं.

"उजवीकडे लावलात परत, वन्सं?"

"हो."

"मुठीचा रबर मी काढला नाहीये," ती म्हणाली, आणि डावी मूठ दाखवली.